वाऱ्याचा रकाना

सन १९५९ च्या एप्रिल महिन्यात बोरखडी गावाला वीज द्यायची की नाही, हा प्रश्न सरकारपुढे नव्हता. वीज द्यायची नव्हतीच. विजेच्या तारा कुठवर जाणार याचा नकाशा अकोल्याच्या कचेरीत लावलेला होता आणि बोरखडी जिथे असायला हवी तिथे शाईचा डाग पडला होता. प्रश्न एवढाच होता की, ही न मिळणारी वीज बोरखडीच्या लोकांना कशापासून तयार केलेली हवी आहे : अणूपासून की सूर्यापासून.

तसे परिपत्रक वरून आले होते. कोळसा आज ना उद्या संपणार, तेव्हा पुढची शंभर वर्षे देश कशावर चालवायचा याबद्दल खेड्यापाड्यांतल्या जनतेचेही मत घ्यावे, असे त्यात म्हटले होते. प्रत्येक ब्लॉकने एक गाव निवडावे, तिथे दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची भाषणे ठेवावीत आणि लोकांचा कौल सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावा. तक्त्याला दोन रकाने होते. एकावर 'अणुशक्ती' छापले होते, दुसऱ्यावर 'सूर्यशक्ती'.

मी त्या वेळी मूर्तिजापूरच्या ब्लॉक ऑफिसात कारकून होतो. माझे नाव गोवर्धन, राहणार अकोला, अक्षर चांगले. अक्षरामुळेच हे काम माझ्याकडे आले. गाव निवडायचे काम आमचे बीडीओ किसनराव साहेब यांनी पाच मिनिटांत संपवले.

"बोरखडी घ्या," ते म्हणाले. "त्या गावाने विजेचा दिवा पाहिलेलाच नाही. त्यामुळे तिथले मत निःपक्षपाती असेल."

पाहणीसाठी मी सायकलने बोरखडीला गेलो. घरे किती, कंदील किती, शाळा आहे काय, असली माहिती गोळा करत मी नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत पोहोचलो. वस्तीने छप्पन साली धर्म बदलला आणि पुढच्याच उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून स्वतःची विहीर खणली. त्याआधी तिथल्या बायका गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहत आणि कुणाच्या मनात आले तर तो त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतत असे. नवी विहीर चाळीस हात खोल होती. पाणी गोड लागले होते, पण ओढताना कंबर मोडत असे.

मी गेलो तेव्हा मात्र कुणी पाणी ओढत नव्हते. विहिरीवर बाभळीच्या चार खांबांचा उंच मनोरा उभा होता. त्याच्या डोक्यावर रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्यांची आठ पाती वाऱ्यावर फिरत होती. खाली कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातल्या चाकांवरून एक साखळी विहिरीत उतरत होती आणि साखळीला बांधलेले लहान लहान डबे पाणी घेऊन वर येत, टाक्यात ओतत आणि पुन्हा खाली जात. एक बाई टाक्याच्या तोटीखाली घागर लावून शेजारणीशी गप्पा मारत उभी होती. पाणी भरताना गप्पा मारणारी बाई मी बोरखडीत पहिल्यांदाच पाहिली.

"हे काय आहे?" मी विचारले.

"भिंगरी," मनोऱ्याखाली तेल घालत बसलेला माणूस म्हणाला. त्याचे नाव देवमन. मूर्तिजापूरच्या एका जिनात त्याने बारा वर्षे फिटरच्या हाताखाली काम केले होते. "वारा आला का फिरते. फिरली का पानी येते."

"मंजुरी कुणाची?"

"वाऱ्याची," घागर भरणारी बाई म्हणाली. ती देवमनची बायको चतुराबाई.

"आणि वारा पडला तर?"

"तं टाकं हाय. दोन दिवस पुरते. तेबी सरलं तं हात कुठी गेले?" ती म्हणाली आणि तिने लोटाभर पाणी माझ्यापुढे धरले. "उन्हातून आले, पानी घ्या बाबू."

मी पाणी प्यालो. प्यायच्या आधी मी थोडा थांबलो होतो आणि तिने ते पाहिले होते. अहवालात मी ते लिहिले नाही. भिंगरीची नोंद मात्र 'इतर माहिती' या सदरात सुवाच्य अक्षरात केली.

ती वाचून किसनराव साहेबांनी चष्मा काढला. "वारा? वारा कोणत्या रकान्यात येतो?"

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला. मागच्या बाजूला फक्त सरकारी छापखान्याचे नाव होते.

"म्हणजे हा माणूस," साहेब हळू आवाजात म्हणाले, "चर्चा व्हायच्या आधीच वापरायला लागला?"

सभा शाळेच्या पटांगणात मांडव घालून दुपारी भरली. अणुशक्तीच्या बाजूने अमरावतीचे कमलाकांत वकील आले होते आणि सूर्यशक्तीच्या बाजूने तिथल्याच एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक उद्धवराव. दोघेही कोळशावर चालणाऱ्या आगगाडीने, एकाच डब्यातून आले. त्यांना आणायला मी गेलो होतो आणि वाटेत त्यांच्यात वाद नको म्हणून मला मधे बसवण्यात आले होते. वकीलसाहेबांनी पाणी फिरकीच्या तांब्यातून घरूनच आणले होते. अणुयुगात माणूस अंधश्रद्धेतून मुक्त होईल, यावर त्यांचे भाषण होते.

"मूठभर धातू, सज्जनहो!" त्यांनी हात वर केला. "एका मुठीत अख्ख्या वऱ्हाडाचा शंभर वर्षांचा उजेड! ना धूर, ना खाण, ना कोळशाच्या रेल्वे-वाघिणी."

लोक त्यांच्या मुठीकडे पाहत राहिले. सरपंच मोतीराम पाटील पुढेच बसले होते. त्यांनी विचारले, "मंग त्याची राख कुठी टाकाची?"

"राख इतकी थोडी, की एका डब्यात मावेल."

"अन् तो डबा?"

"तो डबा काही हजार वर्षे कुणी उघडायचा नाही, एवढेच पथ्य. गावाच्या बाहेर कुठेतरी ठेवून द्यायचा."

यावर सगळ्या गावाने, आधी ठरवल्यासारखे, नाल्यापलीकडच्या वस्तीकडे पाहिले.

मग उद्धवराव उभे राहिले. त्यांनी नुकतेच एका परदेशी मासिकात वाचले होते की, कोळशाच्या धुराची पृथ्वीभोवती गोधडी पडत चालली आहे आणि पुढच्या शंभर वर्षांत पृथ्वी तापणार आहे. सूर्य मात्र फुकट आहे, स्वच्छ आहे आणि आपल्याकडे तर गरजेपेक्षा जास्त आहे.

"अकोल्याहून जास्त तापन का?" मागून कुणीतरी विचारले.

"अकोलाही आणखी तापेल."

त्या दिवशी सभा गंभीर झाली ती तेवढी एकदाच.

प्राध्यापकांनी सूर्यचूल आणली होती. मोठ्या आरशासारखी तिची तबकडी होती आणि मधे खिचडीचे भांडे. पण चूल उन्हात ठेवली तर ती पाहायला लोकांना उन्हात जावे लागत होते आणि लोक मांडव सोडायला तयार नव्हते. म्हणून चूल मांडवात आणली. दोन तासांनी झाकण काढले तेव्हा वकीलसाहेबांनी वाकून पाहिले आणि बॅटरीवरच्या ध्वनिक्षेपकावर जाहीर केले, "याला भिजवलेले तांदूळ म्हणतात."

"मांडवाचा दोष सूर्यावर लादू नका!" प्राध्यापक ओरडले.

या गडबडीत चतुराबाई उभी राहिली. "मले एक सांगा गुरुजी. वारा कोनाकडून येते?"

उद्धवरावांना प्रश्न आवडला. सूर्यामुळे जमीन तापते, हवा वर जाते, तिच्या जागी दुसरी येते, वगैरे त्यांनी छान समजावून सांगितले. "तेव्हा वारा हे सूर्याचेच अपत्य आहे, बाई."

"मंग आमी तुमच्याकडून झालो. आमची भिंगरी दोन वर्सं चालून राह्यली, पानी देऊन राह्यली. लिहा तसं."

उद्धवराव अडखळले. "तत्त्वतः बरोबर आहे. पण तिचे मापन झालेले नाही. रॉकेलच्या डब्यांना शास्त्रात अजून स्थान नाही. उद्या ती बंद पडली तर लोक म्हणतील, सूर्य बंद पडला."

"माझी तर कायदेशीर हरकत आहे," वकीलसाहेब उठले. "मतदान केंद्राच्या दारात एका उमेदवाराचे निशाण फडकवल्यासारखे आहे हे. दोन पक्षांचा निर्णय व्हायच्या आत एक यंत्र उघडउघड चालते आहे! लोकांच्या मनावर परिणाम होईल. ते बंद ठेवले पाहिजे."

"मान्य," उद्धवराव म्हणाले.

दिवसभरात त्यांचे एकमत झाले ते एवढ्या एका बाबतीत.

शेवटी हात वर करून मते मोजली. गावातले प्रौढ चारशे बारा. अणुशक्तीला चारशे नऊ मते पडली आणि सूर्यशक्तीला चारशे दहा. मी मोतीराम पाटलांना बाजूला घेऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, "दोघंबी पाहुणे लांबून आले बाप्पा. कोनाचं मन कावून दुखवाचं?"

कौल स्पष्ट नाही म्हणून समिती नेमणे ओघानेच आले. वकीलसाहेब, प्राध्यापकसाहेब, अध्यक्ष आमचे किसनराव साहेब आणि टिपणे घ्यायला मी. समितीचा पहिला ठराव भिंगरीबाबत 'जैसे थे' ठेवण्याचा झाला.

"साहेब," मी विचारले, "जैसे थे म्हणजे ती फिरते आहे तशी फिरू द्यायची ना?"

"जैसे थे म्हणजे," साहेब शांतपणे म्हणाले, "परिपत्रक निघाले त्या दिवशी गाव सरकारला जसे ठाऊक होते तसे. सरकारला भिंगरी ठाऊक नव्हती."

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी दोर, लाख आणि पितळी शिक्का घेऊन वस्तीत गेलो. पाती खांबाला बांधली, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि शिक्का मारला. वारा जोरात होता. बांधलेली पाती थरथरत होती आणि सगळा मनोरा कण्हल्यासारखा आवाज करत होता. गाठ घट्ट बसावी म्हणून दोर कुठून घ्यायचा ते देवमननेच दाखवले. चुकीच्या जागी बांधला असता तर पाती मोडली असती.

"बाबू," चतुराबाई म्हणाली, "किती दिवस?"

"निर्णय होईपर्यंत."

"आमचा निर्णय झालता ना पन."

मी शिक्का रुमालात गुंडाळला आणि सायकलवर बसलो.

मे महिन्यात समितीच्या चार बैठका बोरखडीत झाल्या. पहिल्या बैठकीत 'शक्ती' या शब्दाची व्याख्या करण्यात आली. दुसरीत ती रद्द झाली. तिसरी बैठक, अणूची राख हजार वर्षे सांभाळताना मधेच सरकार बदलले तर जबाबदारी कुणाची, आणि ढगाळ दिवशी सूर्याला गैरहजर धरायचे की रजेवर, यावर झाली. बैठकीला बसायला शाळेची पडवी होती आणि पडवीतून वस्तीची विहीर समोर दिसे. तिथे पहाटेपासून बायकांची रांग लागलेली असे. दोघी दोघी मिळून दोर ओढत. चाळीस हात खाली, चाळीस हात वर. दोर ओढून तळव्यांची साल निघाली की त्या हाताला चिंध्या बांधत.

चौथ्या बैठकीत वकीलसाहेबांचे त्या दृश्याकडे लक्ष गेले. ते बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता ते सील काढा म्हणतील.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "पाहताय ना, प्राध्यापक?"

"पाहतोय. एक क्षण खंड नाही," उद्धवराव म्हणाले.

समितीचा अंतरिम अहवाल त्याच दिवशी तयार झाला. त्यातला चौदावा परिच्छेद मला अजून पाठ आहे, कारण त्याच्या सहा प्रती मीच उतरवून काढल्या. 'अणुशक्ती अथवा सूर्यशक्ती यांजबाबत अंतिम निर्णय होईपावेतो, वस्तीतील महिलांच्या रूपाने सांप्रत उपलब्ध असलेली शक्ती सर्वस्वी समाधानकारक आढळून आली. तीस इंधन लागत नाही. तिचा धूर होत नाही, राख उरत नाही. ढग आले अथवा वारा पडला तरी ती थांबत नाही. तिची देखभालही ती स्वतःच करते. सबब हीच व्यवस्था पुढे चालू ठेवणेस हरकत नाही.' अहवालावर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. शेरा : एकमताने.

त्यानंतर आठवड्याने चतुराबाईची धाकटी जाऊ पंचफुला विहिरीवर पडली. भरलेली घागर वर येता येता दोर तुटला, तिचा तोल मागे गेला आणि ती काठाच्या दगडावर आदळली. विहिरीत गेली नाही, एवढेच नशीब. मनगट मोडले. तिला बैलगाडीतून मूर्तिजापूरला आणले तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभा होतो. गाडीत चतुराबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पंचफुलाच्या तोंडावरचे ऊन पदराने अडवले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

साहेबांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनाही वाईट वाटले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी समितीच्या नोंदवहीत लिहून घ्यायला सांगितले : 'चालू व्यवस्थेत तात्पुरता बिघाड.'

पाचव्या बैठकीच्या दिवशी उन्हाचा पारा एकशे पंधरा फॅरनहाइटवर होता. समितीने विहिरीजवळ जाऊन जागेची पाहणी करायचे ठरवले. आम्ही तिथे पोहोचलो तर चतुराबाई मनोऱ्याच्या शिडीवर चढलेली होती आणि तिच्या हातात विळा होता.

"बाई, खाली उतरा!" वकीलसाहेब म्हणाले. "सरकारी सील तोडणे हा गुन्हा आहे."

"हो ना. लिहून घ्या. नाव चतुराबाई, नवऱ्याचं नाव देवमन. रकाना कोनता लावाचा तो तुमी पाहा."

तिने दोर कापला. पाती एकदम झटका देऊन सुटली. साखळी खडखडली आणि विहिरीतून पहिला डबा वर आला, मग दुसरा, मग तिसरा. महिनाभर कोरड्या पडलेल्या टाक्यात पाणी पडल्याचा आवाज झाला आणि वस्तीतली घरे रिकामी झाली. म्हातारी माणसेसुद्धा उठून आली. देवमन मात्र टाक्याकडे गेला नाही. तो पात्यांकडे पाहत होता आणि आवाजावरून काही झिजले आहे का ते ऐकत होता.

वकीलसाहेबांचा फिरकीचा तांब्या वाटेतच रिकामा झाला होता. चतुराबाई खाली उतरली, तिने लोटा भरला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने लांबून ओतले नाही. लोटा सरळ त्यांच्या हातात दिला. वकीलसाहेबांनी चौफेर पाहिले. अमरावतीचे ओळखीचे कुणी दिसत नाही याची खात्री झाल्यावर ते प्याले. दुसरा लोटा त्यांनी मागून घेतला. उद्धवराव तर टाक्याला तोंड लावूनच प्याले.

खटला भरायचा की नाही यावर परतीच्या वाटेवर खल झाला.

"खटला भरला तर कोर्टात काय सांगणार?" साहेब म्हणाले. "सील तोडल्यावर यंत्र उत्तम चालू लागले, असे? नोंदीवर येईल ते."

"आणि एकदा नोंदीवर आले," उद्धवराव म्हणाले, "की प्रत्येक गावात कुणी ना कुणी देवमन निघेल. मग शास्त्राने काय करायचे?"

तेव्हा शिक्षा द्यायचे रद्द झाले आणि सन्मान करायचे ठरले. सन्मानाचा हुकूम जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाला. डिसेंबरात अकोल्याला जिल्ह्याचे प्रदर्शन भरणार होते. बोरखडीचे यंत्र ग्रामीण प्रतिभेचा नमुना म्हणून तिथे मांडण्यासाठी निवडण्यात आले होते. नियमाप्रमाणे निवडलेली वस्तू सहा महिने आधी सरकारी ताब्यात असायला हवी होती.

मी गाडी घेऊन गेलो. सोबत देवमनसाठी काचेच्या चौकटीत बसवलेले प्रशस्तिपत्र होते. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "काच चांगली हाय." मग त्याने ते भिंतीला टेकवून ठेवले आणि भिंगरी स्वतः उतरवायला सुरुवात केली. आमची माणसे ती मोडतील हे त्याला ठाऊक होते. प्रत्येक पात्यावर त्याने खडूने आकडा घातला, एक ते आठ. चतुराबाई दारात बसून नवा दोर वळत होती. वस्तीतल्या बायका पाहत होत्या. शेवटचे पाते गाडीत ठेवताना देवमन मला म्हणाला, "बाबू, लावान तवा आकडे पाहून लावा. पाती उलटी लागली का खांब हालते."

सहा महिने भिंगरी आमच्या ऑफिसच्या कोठीत, माझ्या टेबलामागे पडून होती. पावसाळ्यात पात्यांवर गंज चढला. मी एकदा रुमालाने पुसायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी नको म्हणून सांगितले, मूळ स्थितीत ठेवायची असते. बोरखडीच्या विहिरीवर या सहा महिन्यांत काय चालले होते ते आम्हाला कळवायचे काम कुणाकडेच नव्हते. मला मात्र ते न कळवताही माहीत होते.

डिसेंबरात अकोल्याला प्रदर्शन भरले. भिंगरी मोठ्या तंबूच्या मध्यभागी लाल कापड घातलेल्या चौथऱ्यावर उभी केली. खाली अर्थातच विहीर नव्हती. वर पाटी होती : 'पवनचक्र. ग्रामीण प्रतिभेचा आविष्कार. (अणुशक्ती की सूर्यशक्ती : विचाराधीन.)' तंबू चारी बाजूंनी बंद असल्याने आत वारा येत नव्हता आणि वाऱ्याशिवाय ती फिरेना. मग दोन मोठे विजेचे पंखे आणून तिच्यासमोर ठेवले. ती वीज कोळशाची होती. पंखे सुरू झाले, भिंगरी फिरायला लागली आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कापूस बाजारातले व्यापारी, वकील, शिक्षक, डॉक्टर, कॉलेजातली मुलेमुली, सगळे येऊन पाहून जात. चौथऱ्याशेजारी मी खुर्ची टाकून बसलेला असे आणि माझ्यापुढे अभिप्रायाची वही.

पाचव्या दिवशी दुपारी तंबूच्या दारातून चतुराबाई आत आली. तिच्यामागे देवमन, उजवे मनगट वाकडे धरलेली पंचफुला आणि वस्तीतल्या आठ-दहा बायका. दोन बैलगाड्या बाहेर उभ्या होत्या. शेजारच्या मांडवात वकीलसाहेब आणि प्राध्यापकसाहेब यांचा जाहीर वादविवाद चालला होता आणि ध्वनिक्षेपकावरून 'मूठभर धातू' हे शब्द आमच्यापर्यंत येत होते.

देवमनने भिंगरीकडे पाहिले. "तिसरी पाती उलटी लागली," तो म्हणाला.

"भाऊ, मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणालो.

"बाबू, आमी नेतो ते," चतुराबाई म्हणाली.

"आदेशाशिवाय कसं नेता येईल, बाई?"

ती माझ्या अगदी जवळ आली. आवाज तिने चढवला नाही. "सहा महिने झाले. पंचफुलाले आता घागर उचलता येत नाई. तुमी आमच्या घरचं पानी पेले, बाबू. तवा थांबले व्हते तुमी. मी काई म्हटलं नाई. आताबी काई म्हणत नाई. तुमी फक्त थांबा."

मी काही ठरवले असे नाही. माझा हात टेबलाच्या खणाकडे गेला आणि त्यातून फाटकावर दाखवायच्या परवान्याचे पुस्तक निघाले. कारकुनाला वाईट वाटले की तो कागदच काढतो. मी लिहिले : 'वस्तू एक. एक पाते उलटे असल्याने दुरुस्तीसाठी बाहेर.' खाली सही केली. नोकरीत मी लिहिलेले ते पहिले खरे वाक्य असावे.

देवमनने पंखे न थांबवताच फिरती पाती दोराने बांधली आणि काम सुरू केले. बायकांनी पाती हातोहात बाहेर नेली. बघ्यांची गर्दी झाली. हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे असे वाटून लोकांनी वाट करून दिली आणि शेवटचे पाते गाडीत पडले तेव्हा जोरात टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थाने चतुराबाईला विचारले, "तुमचं मत काय, अणू की सूर्य?"

"सरका," ती म्हणाली. तिच्या खांद्यावर साखळी होती.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बोरखडीचे टाके भरले. ते मी स्वतः जाऊन पाहून आलो आणि या वेळी पाणी पिण्याआधी थांबलो नाही. पंचफुलाचे मनगट वाकडेच राहिले. समितीने पुढे आणखी सहा वर्षे काम केले आणि हा विषय अधिक व्यापक चर्चेसाठी वर पाठवावा अशी शिफारस केली. माझी चौकशी होईल म्हणून मी बरेच दिवस धास्तीत होतो. ती झाली नाही, कारण भिंगरी गेल्याचे कुणाच्या लक्षातच आले नाही.

प्रदर्शन त्यानंतर अकरा दिवस चालले. पाटी तशीच होती, लाल कापड तसेच होते आणि दोन्ही पंखे रिकाम्या चौथऱ्यावर वारा घालत होते. लोक रांगेने येत, पाटी वाचत, चौथऱ्याला फेरी मारत आणि माझ्याकडून लेखणी मागून घेत. 'यंत्र पाहून समाधान वाटले, तथापि भविष्य अणूचेच आहे.' 'कल्पना स्तुत्य. सूर्यशक्तीच्या पुरस्कर्त्यांनी याचा अभ्यास करावा.' 'फिरण्याची गती थोडी अधिक हवी होती.' अभिप्राय शेकड्यांनी आले, सगळे सुशिक्षित अक्षरात, खाली पूर्ण नाव आणि पत्ता.

ती वही सरकारजमा करायची होती. मी केली नाही, ती माझ्याकडे आहे. आपण अमरावतीचे असा, अकोल्याचे असा, की बाळापूरचे, एकदा सवडीने येऊन आपले नाव शोधून जा. फक्त सुरुवातीपासून चाळत बसू नका. सहाव्या दिवसाच्या पानापासून बघा.